दवाखान्याची माहिती कुलपात कशी ठेवायची? रुग्णालयांवरचे सायबर हल्ले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चौदा वर्षं मी मुंबईतल्या रुग्णालयांचे संगणक सांभाळतो. परळमधल्या बहुमजली रुग्णालयात नोकरी केली, भांडुप-मुलुंडकडच्या बारा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमची कामंही केली. खालचे प्रश्न मला डॉक्टरांनी, सिस्टरनी, बिलिंगवरच्या मुलांनी आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी विचारलेले आहेत. काही लिफ्टमध्ये, काही रात्री दोन वाजता फोनवर. ज्या प्रश्नाला जेवढं उत्तर लागतं, तेवढंच दिलं आहे.

आमचं पंधरा खाटांचं नर्सिंग होम. हॅकर आमच्याकडे कशाला येईल?

तो तुमची पाटी वाचून येत नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्याचं दार ढकलून बघणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. जे दार उघडं सापडतं, तिथे आत शिरायचं. ते घर नर्सिंग होमचं आहे की टायर विकणाऱ्याचं, हे त्याला आत गेल्यावर कळतं. आणि नर्सिंग होम आहे असं कळलं की त्याची मागणी वाढते, कारण टायरवाला दोन दिवस थांबू शकतो, बाळंतपण थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका प्रसूतिगृहातून सोमवारी सकाळी मला फोन आला. एकही फाइल उघडत नव्हती. सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरून काम करता यावं म्हणून बिलिंगच्या संगणकावर दुरून जोडणी करायची सोय कायमची चालू ठेवली होती, आणि पासवर्ड होता प्रसूतिगृहाचंच नाव. शनिवारी रात्री कोणीतरी त्याच वाटेने आत आलं. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती चोवीस तास त्याच संगणकाला जोडलेली असायची. संगणकाबरोबर तीही कुलूपबंद झाली. अकरा वर्षांच्या नोंदी गेल्या. डॉक्टरबाईंनी हट्टाने चालू ठेवलेल्या हस्तलिखित रजिस्टरमुळे त्या आठवड्यात दिवस भरलेल्या बायकांचे रक्तगट तेवढे वाचले.

हे पान लिहायचं मुख्य कारण ते रजिस्टर आहे.

रुग्णाच्या माहितीत चोरण्यासारखं असतं तरी काय?

बँकेचं कार्ड चोरीला गेलं तर ते बंद करून नवीन घेता येतं. एचआयव्हीचा रिपोर्ट बंद करता येत नाही. गर्भपाताची नोंद, मानसोपचाराच्या गोळ्या, वंध्यत्वाचे उपचार, क्षयरोग ही माहिती एकदा बाहेर पडली की आयुष्यभर बाहेरच राहते. आपल्याकडे लग्न जुळवताना, नोकरी लागताना, भाड्याने खोली घेताना असल्या माहितीवरून काय काय होतं हे सांगायला नको.

मुंबईला याचा अनुभव आहे. डिसेंबर २०१६ मध्ये इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे चाळीस हजारांहून जास्त रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडलेले आढळले. त्यात एचआयव्ही चाचण्यांचे रिपोर्टही होते, नावांसकट. ते शोधायला हॅकर असण्याची गरज नव्हती, शोधयंत्रातूनच ते सापडत होते. एचआयव्हीबाबत आज २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करायला त्यात बंदी आहे आणि ती सुरक्षित ठेवायची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे.

फिनलंडमध्ये याहून भयंकर घडलं. वास्तामो नावाच्या मानसोपचार केंद्रातून हजारो रुग्णांच्या समुपदेशनाच्या टिपणी चोरीला गेल्या. चोराने आधी केंद्राकडे खंडणी मागितली, आणि मग २०२० च्या ऑक्टोबरमध्ये थेट रुग्णांना एकेक ईमेल पाठवून पैसे मागितले: द्या, नाहीतर तुम्ही डॉक्टरांशी काय बोललात ते जगाला सांगतो. त्याला २०२४ मध्ये सहा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. पण ज्यांच्या टिपणी बाहेर पडल्या, त्यांना त्या परत मिळाल्या नाहीत.

रॅन्समवेअर म्हणजे नेमकं काय?

तुमच्या फाइल तुमच्याच संगणकावर राहतात, फक्त त्यांना दुसऱ्याचं कुलूप लागतं. किल्ली हवी असेल तर पैसे द्या, अशी चिठ्ठी पडद्यावर येते. हल्ली कुलूप लावायच्या आधी माहितीची नक्कलही नेतात, म्हणजे पैसे मागायला दोन कारणं होतात.

आपल्या देशातलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण दिल्लीच्या एम्सचं. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथले पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणी, अपॉइंटमेंट, बिलं, रिपोर्ट सगळं जवळपास दोन आठवडे हाताने चाललं. सरकारने नंतर संसदेत कारण सांगितलं: नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, म्हणजे एका भागात शिरलेल्याला दुसऱ्या भागात जायला आडकाठी नव्हती. त्याच उत्तरातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात नाही. हल्ला न पोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल या रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमधली माहिती परत मिळवता आली.

पण यात रुग्णाच्या जिवाला खरंच धोका असतो का? की फक्त गैरसोय?

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या हल्ल्यात इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या आणि काही ठिकाणी तातडीचे रुग्ण दुसरीकडे पाठवावे लागले. ज्या फटीतून तो हल्ला आला, ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने तो लावायचा राहिला होता.

सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठ रुग्णालयाची यंत्रणा बंद पडली. एका वृद्ध बाईंना घेऊन निघालेली रुग्णवाहिका वुपर्टालकडे वळवावी लागली, उपचार उशिरा सुरू झाले आणि त्या दगावल्या. हल्ल्यामुळेच मृत्यू झाला, असं तपासात सिद्ध करता आलं नाही, हेही सांगायला हवं. पण मी ती बातमी वाचली तेव्हा डोळ्यांसमोर आपला रस्ता आला. संध्याकाळी सात वाजता परळहून निघालेली रुग्णवाहिका अंधेरीकडे वळवायची म्हटली तर किती वेळ लागेल, ते इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

मला रोजच्या साध्या गोष्टींची जास्त भीती वाटते. पेनिसिलीनची ॲलर्जी आहे ही नोंद दिसत नाही. कालचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते सांगणारा आकडा, दिसत नाही. केमोचा कितवा डोस झाला ते दिसत नाही.

हल्लेखोर आत शिरतात कुठून?

बहुतेक वेळा समोरच्या दारातून.

सगळ्यात जास्त ईमेलमधून. आयर्लंडच्या आरोग्यसेवेत १८ मार्च २०२१ रोजी एका कर्मचाऱ्याने ईमेलसोबत आलेली एक्सेल फाइल उघडली, आणि १४ मे रोजी सगळं बंद पडलं. मधले आठ आठवडे चोर आतमध्ये फिरत होता. आपल्याकडे ती फाइल 'टीपीए क्वेरी' (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीची शंका), 'थकीत बिल' किंवा 'आयकर नोटीस' अशा नावाने येते. मेडिक्लेमच्या टेबलावर बसलेल्या मुलीला दिवसाला शंभर फाइल उघडाव्या लागतात. एखादी चुकीची उघडली म्हणून तिच्यावर ओरडणं अन्यायाचं आहे. तिने चूक केली तरी ती एका संगणकापुरती राहील, अशी रचना करणं आमच्यासारख्यांचं काम आहे.

दुसरी वाट म्हणजे दुरून जोडणीची सोय, वर सांगितलेल्या प्रसूतिगृहासारखी. ती कायम चालू ठेवू नका. काम असेल तेव्हा फोन करून उघडायची, काम झालं की बंद. आणि पासवर्डशिवाय मोबाइलवरचा दुसरा कोडही लागलाच पाहिजे. अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या बिलं हाताळणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि देशभरातल्या औषध दुकानांचे आणि दवाखान्यांचे व्यवहार अडकले. कारण काय, तर दुरून आत यायच्या एका दाराला हा दुसरा कोड लावलेला नव्हता. एवढ्या मोठ्या कंपनीचं एक दार.

तिसरी वाट पेनड्राइव्ह. रुग्ण बाहेरून सीटीची सीडी किंवा पेनड्राइव्ह घेऊन येतो, आणि ती थेट ओपीडीच्या संगणकात जाते. त्यासाठी नेटवर्कला न जोडलेला एक जुना संगणक वेगळा ठेवा.

आमच्या एमआरआयचा संगणक अजून विंडोज ७ वर आहे. कंपनी म्हणते, हात लावाल तर वॉरंटी जाईल. काय करू?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारतात, आणि विचारणाऱ्याची खरोखर अडचण असते. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे पॅच जानेवारी २०२० मध्ये थांबले, विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ मध्ये. यंत्र मात्र बारा-पंधरा वर्षं चालतं, आणि कोट्यवधींचं असतं. फक्त संगणक जुना झाला म्हणून ते कोणी बदलणार नाही.

मग यंत्राला हात लावायचा नाही, त्याच्या भोवतीचं नेटवर्क बदलायचं. साध्या लोकलमध्ये एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येत नाही. एसी लोकलमध्ये आतल्या आत पुढे चालत जाता येतं. बहुतेक रुग्णालयांचं नेटवर्क एसी लोकलसारखं असतं. रिसेप्शनच्या वाय-फायवर बसलेला माणूस चालत चालत एमआरआयपर्यंत पोचू शकतो. तुम्हाला साधी लोकल हवी आहे. यंत्रांचा एक डबा, बिलिंगचा दुसरा, डॉक्टरांच्या संगणकांचा तिसरा, आणि रुग्णांच्या नातेवाइकांना दिलेलं वाय-फाय तर वेगळीच गाडी. एमआरआयच्या संगणकाला प्रतिमा साठवणाऱ्या सर्व्हरशी बोलता आलं की झालं. त्याला इंटरनेटची गरज नाही, ईमेलची तर नाहीच. कंपनीच्या इंजिनिअरला दुरून यायचं असेल तर त्याच्यापुरतं, त्या वेळेपुरतं दार उघडा.

यासाठी लागणारा स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) आणि फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) बहुतेक ठिकाणी आधीच घेतलेले असतात. कप्पे पाडायचे राहून गेलेले असतात. आणि नवीन यंत्र घेताना करारातच लिहून घ्या, की सॉफ्टवेअरचे सुरक्षा पॅच किती वर्षं देणार. खरेदी होण्याआधी कंपनी हे मान्य करते, नंतर करत नाही.

एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमा सर्व्हरवर असतात. त्यात काय एवढं?

प्रत्येक प्रतिमेच्या आत रुग्णाचं नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक लिहिलेला असतो. ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये जगभरचे असे उघडे सर्व्हर मोजले. भारतातल्या रुग्णांच्या तपासण्यांचे दहा लाखांहून जास्त संच कुठल्याही पासवर्डविना दिसत होते, आणि राज्यवार यादीत आपला महाराष्ट्र सर्वांत वर होता. कोणी हल्ला केला नव्हता. रेडिऑलॉजिस्टला घरून फिल्म बघता यावी म्हणून कोणीतरी सर्व्हर इंटरनेटला जोडला आणि तो तसाच राहिला. घरून बघायची सोय ठेवा, जरूर ठेवा, पण व्हीपीएनमधून, म्हणजे ओळख पटवूनच आत येता येईल अशा बंदिस्त वाटेने. तुमच्या सेंटरचा सर्व्हर बाहेरून दिसतो का, हे आजच कोणाकडून तरी तपासून घ्या.

आम्ही रोज बॅकअप घेतो. तेवढं पुरे ना?

शेवटचा कधी परत आणून बघितला होता? या प्रश्नावर समोरचा गप्प बसतो, दहापैकी नऊ वेळा. बॅकअप आहे की नाही हे तो उघडल्यावरच कळतं.

माहितीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक इमारतीबाहेर. त्याशिवाय एक तरी प्रत अशी हवी, जी कुठल्याही तारेने जोडलेली नाही. लहान नर्सिंग होमसाठी दोन हार्ड डिस्क पुरतात. आज एक जोडायची, बॅकअप झाला की काढून कपाटात, उद्या दुसरी. काढलेली डिस्क कुलूपबंद आणि पासवर्डने बंद, कारण तीच कोणी उचलून नेली तर वेगळंच संकट. मोठ्या ठिकाणी ठरावीक दिवस कोणालाही, अगदी ॲडमिनलाही, पुसता किंवा बदलता न येणारा बॅकअप घेता येतो. तो घ्या.

इमारतीबाहेरची प्रत का, तर हे मुंबई आहे म्हणून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तरीही मला आजही तळघरात ठेवलेले सर्व्हर दिसतात, कारण वरची प्रत्येक चौरस फूट जागा खाटेसाठी लागते. जागेची ओढाताण मला कळते. पण निदान बॅकअप तरी तिसऱ्या मजल्यावर आणि दुसऱ्या उपनगरात असू द्या. १२ ऑक्टोबर २०२० ला शहराची वीज गेली, तेव्हा ज्यांचे जनरेटर फक्त आयसीयू आणि ओटीला जोडलेले होते त्यांच्या सर्व्हरचं काय झालं असेल, याचाही विचार करा.

तीन महिन्यांतून एकदा, शुक्रवारी दुपारी, एका वेगळ्या संगणकावर तो बॅकअप उघडून एक जुनी डिस्चार्ज समरी शोधून काढा. सापडली, वाचता आली, की बॅकअप आहे असं म्हणा.

डॉक्टरांचे सगळे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतात. बंद करायचं का?

बंद करा म्हणून कोणी बंद करणार नाही, आणि रात्री तीन वाजता ईसीजीचा फोटो पाठवून एखाद्याचा जीव वाचत असेल तर मीही बंद करा म्हणणार नाही. तेव्हा निदान एवढं करा. फोटोत नाव दिसू देऊ नका, खाट क्रमांक आणि आद्याक्षरं पुरतात. आलेले फोटो गॅलरीत आपोआप साठवण्याची सोय बंद करा. नाहीतर रुग्णाचा जखमेचा फोटो डॉक्टरांच्या घरच्या सहलीच्या फोटोंसोबत क्लाउडवर जातो आणि मुलगा टीव्हीवर अल्बम लावतो तेव्हा तो दिसतो. वॉर्डच्या संगणकावर उघडलेलं व्हॉट्सॲप वेब बंद करून उठा. नोकरी सोडून गेलेले निवासी डॉक्टर ग्रुपमधून त्याच दिवशी काढा. दोन पायऱ्यांची पडताळणी सर्वांनी चालू करा. कायमस्वरूपी नोंद मात्र रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्येच झाली पाहिजे.

सगळ्या सिस्टर एकाच लॉगिनने काम करतात. चुकीचं आहे हे माहीत आहे, पण आयसीयूत प्रत्येकीने लॉगिन करत बसायचं का?

सिस्टरचा आक्षेप रास्त आहे. समोर रुग्णाचं ऑक्सिजन उतरतंय आणि पडदा बारा अक्षरी पासवर्ड मागतोय, हे चालणार नाही. नियम तसा केला तर ती पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून मॉनिटरला लावणार, आणि मीही तिच्या जागी तेच करेन. ओळखपत्र टेकवलं की उघडणारी सोय मिळते, ती बसवा. परवडत नसेल तर लहान पिन आणि दर पाळीला एकदाच पूर्ण लॉगिन. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्तीही सोडा. लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात. एक लांब, लक्षात राहील असं वाक्य आणि त्यासोबत दुसरा कोड, हे जास्त उपयोगी.

आतल्याच माणसाने माहिती फोडली तर?

मुंबईत हा प्रश्न वेगळा आहे, कारण इथे सिनेमातली, क्रिकेटमधली आणि राजकारणातली माणसं दाखल होतात आणि बाहेर कॅमेरे उभे असतात. सिंगापूरमध्ये २०१८ मध्ये १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोरांनी पंतप्रधानांची नोंद पुन्हा पुन्हा शोधली होती. तो हल्ला बाहेरचा होता. आपल्याकडे अनेकदा कुतूहल पुरतं. कोणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद सॉफ्टवेअर ठेवत असेल तर ती दर आठवड्याला कोणीतरी खरंच वाचा, आणि आम्ही ती वाचतो हे सर्वांना सांगा. तातडीच्या वेळी कोणालाही फाइल उघडता आली पाहिजे. पण उघडताना कारण लिहावं लागलं पाहिजे.

आमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे. मग जबाबदारी त्या कंपनीची ना?

कायद्याच्या नजरेत रुग्णाने माहिती तुम्हाला दिली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे कंपनी तुमच्या वतीने काम करते, उत्तर तुम्ही द्यायचं. तेव्हा करार वाचा. बॅकअप कोण घेतं, माहिती फुटली तर तुम्हाला किती तासांत कळवणार, करार संपल्यावर सगळी माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत देणार का. हे तीन मुद्दे नसतील तर सही करू नका.

पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली. पहिल्या तासात काय करायचं?

नेटवर्कची तार काढा, वाय-फाय बंद करा. शेजारच्या संगणकांचीही. संगणक शक्यतो चालू ठेवा, कारण त्याच्या मेमरीत तपासाला लागणारे पुरावे असतात. तार काढताच येत नसेल आणि फाइल डोळ्यांदेखत बंद होत असतील तरच वीज तोडा. जोडलेला बॅकअप असेल तर तो आधी तोडा. पडद्याचा मोबाइलने फोटो काढा. काहीही फॉरमॅट करू नका. घाबरून 'सगळं साफ करून परत टाकतो' म्हणणारा उत्साही माणूस त्या दिवशी सर्वांत जास्त नुकसान करतो.

त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी वैद्यकीय बाजू हातात घ्यायची. तातडीचे रुग्ण घेता येतील का, कुठली शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, हे आयटीवाल्याने नाही, वैद्यकीय अधीक्षकांनी ठरवायचं. कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी फोनवर बोला. चोर तुमचे ईमेल वाचत असण्याची शक्यता असते.

खंडणी द्यावी का?

माझं मत, देऊ नये. चेंज हेल्थकेअरने २.२ कोटी डॉलर दिले, आणि त्यानंतर त्याच माहितीसाठी दुसऱ्या टोळीने पुन्हा मागणी केली. आयर्लंडने पैसे दिले नाहीत. चोरांनी काही दिवसांत स्वतःहून किल्ली दिली, तरीही सगळी यंत्रणा रुळावर यायला सप्टेंबर उजाडला. किल्ली मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी ओपीडी सुरू होते, हा समज खोटा आहे. काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये इतरांसोबत सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आधी तिथे बघा.

कोणाला कळवायचं?

सर्ट-इन या सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, लक्षात आल्यापासून सहा तासांत. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात ही मुदत आहे, आणि संगणकांचे लॉग (काय काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवायचेही त्यातच सांगितलं आहे. पोलिसांकडे तक्रार करा. मुंबईत प्रत्येक प्रादेशिक विभागासाठी सायबर पोलीस ठाणं आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

वर सांगितलेल्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती सांभाळण्याची आणि फुटल्यास कळवण्याची कलमं मे २०२७ पासून लागू होतील. तेव्हा माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येक रुग्णाला विनाविलंब कळवावं लागेल, आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यावा लागेल. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. स्कॅन केलेले जुने केसपेपरही यात येतात. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय आहे. इथे मुदत हातात आहे तोवर खणा.

रुग्णांना सांगितलं तर बदनामी होईल, नाही का?

होईल. पण त्यांना ते अनोळखी माणसाच्या धमकीच्या फोनवरून कळणं जास्त वाईट आहे. काय गेलं, काय गेलेलं नाही, त्यांनी कशापासून सावध राहायचं आणि शंका आली तर कोणाशी बोलायचं, हे मराठीत आणि हिंदीत, सोप्या शब्दांत कळवा. वकिलाने लिहिलेलं पत्र पाठवू नका. ज्या रुग्णाची माहिती नाजूक आहे, त्याला डॉक्टरांनी स्वतः फोन करावा.

जुने कागद आणि संगणक विकायचे आहेत.

जुन्या एक्स-रे फिल्मा त्यातल्या चांदीसाठी विकत घेणारे येतात. फिल्मवर रुग्णाचं नाव असतं, ते कापून मगच द्या. रिपोर्ट रद्दीत घालू नका, फाडणाऱ्या यंत्रातून काढा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात संगणक देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या आणि ती नष्ट करा. फाइल डिलीट केली म्हणजे ती गेली असं होत नाही. मोठ्या झेरॉक्स यंत्रांमध्येही डिस्क असते, भाड्याचं यंत्र परत करताना विचारा.

मी रुग्ण आहे. आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र) काढलं तर माझी सगळी माहिती सरकारच्या एका संगणकात जाते का?

नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. त्यातला १४ अंकी आभा क्रमांक तुमच्या नोंदी एकमेकींशी जोडतो. नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि तुमच्या संमतीने दुसऱ्याला दिसतात. म्हणजे तुमची माहिती किती सुरक्षित, हे शेवटी त्या रुग्णालयावरच ठरतं. संमती मागणारा संदेश आला तर वाचून मगच होकार द्या. रिसेप्शनवर कोणी घाईघाईत तुमचा ओटीपी मागत असेल तर कशासाठी ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

गूगलवरून रुग्णालयाचा नंबर घेतला. समोरच्याने अपॉइंटमेंटसाठी पाच रुपये भरायला एक फाइल पाठवली. भरू का?

भरू नका. ती फाइल, विशेषतः नावाच्या शेवटी 'एपीके' (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) असेल तर, उघडूच नका. तिच्यामुळे तुमचा फोन त्याच्या ताब्यात जातो. नंबर रुग्णालयाच्या केसपेपरवरून किंवा बिलावरून घ्या. उघडली असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा. आईवडिलांना हे आजच सांगून ठेवा, कारण अपॉइंटमेंट तेच लावत असतात.

माझे कागद रुग्णालयाकडून मागता येतात का?

येतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. डिस्चार्ज समरी, ॲलर्जी आणि चालू औषधांचा एक कागद घरी ठेवा. रुग्णालयाचा संगणक बंद असेल त्या दिवशी तो कागद फार मोलाचा ठरतो.

संगणक बंद पडल्यावरचा कागदी सराव कसा घ्यायचा?

आग लागल्यावर काय करायचं याचा सराव घेता ना, तसाच. वर्षातून दोनदा, आधी जाहीर करून, एका वॉर्डचे पडदे चार तास बंद ठेवायचे. प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर एक लाल पिशवी असते. तिच्यात कोरे केसपेपर, औषधांचे तक्ते, रक्त मागवायचे फॉर्म, लॅबच्या चिठ्ठ्या, कार्बन, पेनं. दर सकाळी सहा वाजता दाखल रुग्णांची यादी, ॲलर्जी आणि चालू औषधांसकट, छापून त्या पिशवीत ठेवायची आणि कालची फाडायची. यंत्रणा कधीही बंद पडली तरी हातातली यादी एका दिवसाहून जुनी नसते.

पहिल्या सरावात गोंधळ होतो, होऊ द्या. नव्या सिस्टरना हाताने औषधांचा तक्ता भरता येत नाही, कारण त्यांनी तो कधी भरलेलाच नसतो. तीस वर्षं वॉर्डमध्ये काढलेल्या सिस्टरना त्यांच्या शेजारी बसवा. रिपोर्ट घेऊन धावायला कोण, हे आधीच ठरवा. वॉर्डबॉय आणि मावशींना सरावात घ्यायला लोक विसरतात, आणि त्या दिवशी सगळं रुग्णालय त्यांच्याच पायांवर चालतं.

गेल्या वर्षी एका रुग्णालयात सराव चालू असताना सिस्टरने विचारलं, रक्तपेढीचा नंबर काय? तो फक्त सॉफ्टवेअरमध्ये होता. डॉक्टरांच्या फोनमध्ये नव्हता, स्विचबोर्डकडेही नव्हता. चार तास संपायच्या आत मेंटेनन्सच्या माणसाने तो मार्करने मोठ्या आकड्यांत नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लिहिला. रंगकाम झालं तेव्हा मेट्रनबाईंनी तेवढा भाग रंगवू दिला नाही.